भिंतीवरचा सिनेमा आणि अर्धं राहिलेलं पुस्तक

बंगळुरात बनशंकरीला सेकंड स्टेजमध्ये सायकलच्या दुकानावरच्या माडीत मराठी वाचनालय होतं. तिथली सगळ्यांत जास्त पुस्तकं कुणी वाचली असतील तर ती अंबूअक्कांनी, याबद्दल सभासदांत दुमत नव्हतं. एरवी तिथं दुमत नाही असा विषय सापडणं कठीण. दर शनिवारी अक्का यायच्या, एक पुस्तक परत करायच्या आणि दुसरं घेऊन जायच्या; जाडजूड असलं तर तेच पुन्हा नोंदवून न्यायच्या. कुणाला पुस्तक निवडता येईना, तर चिटणीस दयानंदराव त्याला सरळ अक्कांकडे धाडायचे. अक्का मुखपृष्ठाकडे बघायच्या, पुस्तक हातात तोलायच्या आणि सांगायच्या, "हे घेऊन जा. सुरुवात स्वल्प कडू लागेल, पुढं गोड होतंय." आणि पुढं ते खरोखरच गोड व्हायचं.

अशा ह्या अंबूअक्कांना मराठी वाचता येत नव्हतं.

निरक्षर म्हणाल तर त्या मुळीच नव्हत्या. कानडी वर्तमानपत्र त्या रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि वर त्यातल्या चुका काढायच्या. पण त्यांचं माहेर बैलहोंगलचं. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि शाळा होती तीही कानडीच. चौथीपर्यंतचं शिक्षण त्याच अक्षरांत झालं. मराठी त्यांच्या जिभेवर होती, कानात होती, स्वप्नातसुद्धा होती. कागदावर मात्र तिची आणि अक्कांची कधी गाठच पडली नाही.

मग पुस्तकं वाचत होतं कोण? तर परसूअण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान. बेळगावात मराठी शाळेत शिकलेले अण्णा बंगळुरात फिटर म्हणून आले आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फोरमन होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात चार मराठी डोकी जमवून त्यांनी हे वाचनालय उभं केलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी बायकोला पाटी आणून दिली होती. चार अक्षरं गिरवून अक्का थांबल्या. जमत नव्हतं म्हणून नव्हे. रविवारी दुपारी जेवणं झाली की अण्णा मोठ्यानं पुस्तक वाचायचे आणि अक्का शेंगा सोलत ऐकायच्या. आपल्याला वाचता यायला लागलं तर हे बंद पडेल, एवढा हिशेब त्या नव्या नवरीला लगेच कळला. तिनं पाटी फडताळात टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, तुम्हीच वाचा की, मला ऐकायलाच बरं वाटतंय.

यात एक गोम होती. रविवारची दुपार, पोटात भात आणि अण्णांचा एकसुरी आवाज. अक्कांचा डोळा हमखास लागायचा. जाग यायची तेव्हा पुस्तक मिटलेलं असायचं, त्यात खुणेला बसचं तिकीट घातलेलं असायचं, आणि अण्णा विचारायचे, "ऐकलंस ना?" अक्का म्हणायच्या, "ऐकलं की." पुढच्या रविवारी गोष्ट पुढं सुरू व्हायची आणि अक्कांना ती बरोबर कळायची. मधलं निसटलेलं आपण आपल्या अकलेनं भरून काढतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. कुठलीही गोष्ट अर्धी ऐकून पुरी करता येते, हा विश्वास त्यांना तिथूनच आला. पुढं सिनेमाच्या वेळी तोच कामाला आला.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयात सिनेमा असायचा. बंद पडलेल्या एका शाळेचा सोळा एमएमचा प्रोजेक्टर अण्णांनी मोडीत घेऊन दुरुस्त केला होता, आणि शहरातल्या एका परदेशी सांस्कृतिक केंद्रातून रिळं फुकट मिळायची. समोरच्या भिंतीला पांढरा रंग दिलेला होता, तोच पडदा. अडचण एवढीच होती, की सिनेमे कुठल्या कुठल्या देशांचे. खाली इंग्रजी ओळी पळायच्या, आणि सतरंजीवर बसलेल्या निम्म्या मंडळींना त्या पकडता यायच्या नाहीत. म्हणून अण्णा आधी सिनेमाचा इंग्रजी सारांश वाचायचे, घरी अक्कांना सांगायचे, आणि शनिवारी अक्का भिंतीशेजारी खुर्ची टाकून सगळ्यांना सांगायच्या. अण्णांनी स्वतः सांगायला हरकत नव्हती, पण त्यांनी सांगितलं की गोष्टीचा मशीनचा रिपोर्ट व्हायचा.

अक्कांच्या तोंडी परदेशी नगराध्यक्षाचा पाटील व्हायचा आणि बर्फातली माणसं भाकरी खायची. एकदा तर पहिल्या रिळापासून ज्यांना त्यांनी नवरा-बायको म्हणून सांगितलं, ते शेवटच्या रिळात सख्खे बहीण-भाऊ निघाले. अक्का डगमगल्या नाहीत. गावाच्या भल्यासाठी दोघांनी सोंग घेतलं होतं, असं सांगून त्या मोकळ्या झाल्या, आणि सतरंजीवरच्या बायकांनी त्या त्यागापायी डोळे पुसले.

शहाण्णव साली एका बुधवारी सकाळी परसूअण्णा गेले. आदल्या रविवारी ते एक जाडजूड कादंबरी वाचत होते. नदीवरच्या नावाड्याची आणि त्याच्या बायकोची ती गोष्ट होती. बायको रुसून माहेरी निघालेली, आणि पलीकडे जायला होडी तर नवऱ्याचीच. होडी पात्राच्या मध्यावर आली, नावाडी वल्हवायचा थांबला, तो तिला काहीतरी विचारणार एवढ्यात अक्कांचा डोळा लागला. जाग आल्यावर अण्णांनी नेहमीसारखं विचारलं आणि अक्कांनी नेहमीसारखं उत्तर दिलं. नवऱ्याशी त्या बोलल्या ते हे शेवटचं खोटं.

ते पुस्तक अक्कांनी परत केलं नाही. बाकीचा नेम त्यांनी चालू ठेवला. दर शनिवारी एखादं पुस्तक आणायचं, आठवडाभर उशाशी ठेवायचं, परत करायचं. सिनेमाचा सारांश आता दयानंदराव फोनवर वाचून दाखवत, कारण अक्कांना इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना ठाऊकच होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण नावाड्याचं पुस्तक कपाटात साड्यांखाली होतं. त्यानं बायकोला काय विचारलं, ती उतरून गेली की परत फिरली, हे अक्कांना कळायचं राहून गेलं होतं. तिकीट कुठल्यातरी पानात होतं. त्यापुढचं अण्णांनीही वाचलेलं नव्हतं. आणि झोपेत निसटलेली मधली पानं किती, ते देव जाणे. कुणाला वाचून दाखव म्हणावं तर मूठ उघडणं आलं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. वाचनालय काढणाऱ्याची बायको आणि तिला मराठी वाचता येत नाही, ही बातमी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. अण्णांचं हसं होईल, असं त्या स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

अठ्ठ्याण्णवमध्ये मुग्धा आली. ती पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, कोरमंगलाला चार मुलींबरोबर पेइंग गेस्ट. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून जीभ थकते म्हणून दोन बस बदलून वाचनालयात यायची, आणि बसच्या पाट्या कानडीत असल्यामुळे निम्म्या वेळा भलतीकडेच उतरायची. अक्कांनी तिला बसचे नंबर पाठ करून दिले. पोरगी चुणचुणीत होती, तोंडानं फटकळ नव्हती, आणि अक्कांना ती आवडली होती. म्हणूनच तिनं जे केलं ते जास्त लागलं.

दोन-तीन सिनेमे पाहिल्यावर तिनं दयानंदरावांकडे एक कल्पना मांडली. अक्का फार सुरेख सांगतात, पण त्या सांगतात तो सिनेमा वेगळाच असतो, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. सिनेमातल्या माणसांचा आवाज, त्यांचं थांबणं, पाठीमागचं संगीत यांतलं काही ऐकूच येत नाही. त्यापेक्षा आपणच मराठी ओळी तयार करू. पारदर्शक शीटवर मार्कर पेननं लिहायच्या, कंपनीतून ओव्हरहेड प्रोजेक्टर मागून आणायचा, आणि सिनेमा चालू असताना चित्राच्या खाली भिंतीवर एकेक शीट टाकत जायची. त्यासाठी रविवारी सकाळी कार्यशाळा घ्यायची. सभासदांनीच लिहायचं, स्वतःच्या हातानं.

कमिटीला कल्पना पसंत पडली. सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "सरी, होऊ दे. नवीन माणसांनी नवीन करायचंच की." घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात दुसरा घाव बसला. मुग्धानं नावाड्याची कादंबरी मागितली. लहानपणी आईनं तिला वाचून दाखवलेली, ती तिला आता स्वतः वाचायची होती. दयानंदरावांनी सांगितलं, की प्रत एकच आहे आणि ती अक्कांकडे आहे. मुग्धा हसत अक्कांकडे आली.

"अक्का, ॲक्च्युअली मला ते पुस्तक हवं होतं. शेवट किती विचित्र आहे ना त्याचा? ती शेवटी त्या होडीतून..."

"सांगू नको," अक्का इतक्या जोरात म्हणाल्या, की कपाटापाशी उभे असलेले दोघे वळून बघायला लागले. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझं व्हायचंय अजून."

"दोन वर्षं झाली म्हणाले दयानंदकाका."

"मी सावकाश वाचते."

मुग्धा ओशाळली आणि काही घाई नाही म्हणाली. पण वाचनालयाचा एक नियम होता, आणि तो परसूअण्णांनीच घालून दिलेला होता: पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणी पुस्तक दडवलं असतं तर अण्णा त्याच्या घरी जाऊन बसले असते. अक्कांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, आणि कार्यशाळा सुरू झाली की पुस्तक देऊन टाकायचं असं ठरवलं. होडी मध्यावरच राहील. राहू दे.

पहिल्या रविवारच्या कार्यशाळेत लिहायचं काम नव्हतं. सिनेमा नुसता बघायचा, मुग्धानं वाक्यांचा अर्थ सांगायचा आणि सगळ्यांनी बोलायचं. चष्मा घरी विसरल्याची सबब अक्का तयार ठेवून आल्या होत्या, ती वापरावी लागली नाही. बर्फाच्या गावात पाव भाजणारा एक म्हातारा. त्याच्या हातून काही चूक झाली म्हणून बायको त्याच्याशी बोलायची थांबलेली. ती रोज त्याच्या शेजारी उभी राहून काम करते, पण शब्द नाही. शेवटच्या प्रसंगात ती एकच वाक्य बोलते आणि सिनेमा संपतो.

ते वाक्य मुग्धानं सांगितलं: कणीक तयार आहे. दयानंदराव म्हणाले, यातून तिनं त्याला माफ केलं असं सुचवायचं आहे, तर सरळ 'मी तुम्हाला क्षमा केली' असं लिहावं, म्हणजे कुणाचा गोंधळ नको. यावर अर्धा तास वाद झाला. तोवर गप्प बसलेल्या अक्का शेवटी म्हणाल्या, की कुठली बायको नवऱ्याला क्षमा केली म्हणते? ती म्हणेल, कणीक मळली आहे, हात धुऊन या. मुग्धा अक्कांकडे बघत राहिली आणि म्हणाली, की शेवटचा प्रसंग अक्कांनीच लिहायचा, त्यांच्याच हातानं. सगळ्यांनी मान डोलावली.

आठवडाभर त्यांनी सबबी शोधल्या. हात दुखतो म्हणावं, तर शनिवारी त्याच हातानं अख्ख्या वाचनालयाला बिसीबेळे भात वाढला होता. आजारी पडावं, तर दयानंदराव डॉक्टर घेऊन घरी आले असते. फडताळातून त्यांनी जुनी पाटीसुद्धा शोधली. ती मिळाली, पण गिरवलेलं कधीच पुसून गेलं होतं, आणि आठवत होतं ते एक 'अ'. एका 'अ'वर कणीक कशी मळणार?

दुसऱ्या रविवारी त्या पिशवीत पुस्तक घेऊन गेल्या. सतरंजीवर प्रत्येकापुढे शीट आणि मार्कर पेन. अक्कांच्या डाव्या हाताला शालनबाई बसल्या होत्या. त्या राणीबेन्नूरच्या, वाचनालयाच्या पहिल्या दिवसापासून सभासद, स्वभावानं एवढ्या अबोल की त्या आल्या-गेल्याचं कळायचं नाही. मुग्धा फिरून प्रत्येकाची ओळ बघत होती. कुणाचं अक्षर मोठं, कुणाचं तिरकं, कुणी शीटवर हात टेकून शाई फासलेली. ती हळूहळू अक्कांच्या दिशेनं येत होती.

अक्कांनी पेन उघडलं. शेजारी पिशवीत होडी होती, आणि ती आज जाणार होती. भिंतीशेजारची खुर्ची गेलीच होती. त्यांच्या मनात आलं, की आता आपण राखून ठेवतोय ते काय? नवरा गेला, गोष्ट गेली, सांगायचं काम गेलं. उरली ती नुसती झाकलेली मूठ, आणि आत काहीच नाही. त्यांना एकदम थकवा आला, आणि थकव्यामागून थोडा रागही, कुणावर ते त्यांचं त्यांनाही कळलं नसतं. त्यांनी शीट पुढं ओढली आणि लिहिलं. भरभर लिहिलं, न थांबता, वळणदार अक्षरात. कणीक मळली आहे. हात धुऊन या.

मुग्धा वाकली. तिनं शीट उचलली, उजेडाकडे धरली, उलटी आहे की काय म्हणून फिरवून पाहिली.

"अक्का, हे कानडी आहे का?"

"मराठीच आहे," अक्का म्हणाल्या. "अक्षरं तेवढी कानडी. मला तीच येतात. मराठी वाचायला येत नाही मला. कधीच आलं नाही."

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकाची तार वाजवून बघत होतं, तेवढाच आवाज. दयानंदरावांनी चष्मा काढला आणि परत लावला. अक्कांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि उठायला म्हणून पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात शालनबाईंनी आपली शीट अक्कांच्या शीटशेजारी सरकवली. तिच्यावर काही नव्हतं. सकाळपासून त्यांनी पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं. त्यांनी आता ते काढलं, आपल्या वाट्याचं वाक्य लिहिलं, आणि तेही कानडीत. "माझंबी तसंच की, अक्का," त्या म्हणाल्या. "आमचे मामंजी वाचायचे. आता मुलगा वाचतो, वेळ असला तर."

मग हुबळीच्या एक बाई बोलल्या, आणि त्यांच्यामागून गदगचे एक गृहस्थ, बँकेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरोघरी मातीच्या चुली, त्यातलाच प्रकार. जो तो आपल्या एकट्याच्याच घरी अशी चूल आहे असं समजून इतकी वर्षं धूर कोंडून बसला होता. पुस्तकं न्यायची, घरातल्या कुणाकडून ऐकायची, आणि शनिवारी एकमेकांना विचारायचं, कसं वाटलं? दयानंदरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मग इतकी वर्षं मी पुस्तकं देत होतो कुणाला?"

"ऐकणाऱ्यांना," अक्का म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना जरा हसू आलं.

मुग्धा खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. आपण येऊन या बाईची खुर्ची काढून घेतली आणि वर तिच्याच हातात पेन दिलं, हे तिला आत्ता कळत होतं. ती माफी मागायला लागली. अक्कांनी तिला थांबवलं आणि पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझं. नियम आहे," त्या म्हणाल्या. मग इतर कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पण राहिलेलं तेवढं मला वाचून दाखवशील काय? रविवारी दुपारी. जेवायलाच ये."

ओळी शेवटी दोन्ही अक्षरांत लिहिल्या गेल्या. वर देवनागरी, खाली कानडी, आणि दोन्हींत मराठी. शनिवारी सिनेमा झाला. शीट बदलायचं काम अक्कांकडे होतं, कारण कुठल्या वाक्याला कोण तोंड उघडणार हे त्यांना सगळं पाठ होतं. खालचे सायकलवाले कृष्णमूर्ती पहिल्यांदाच वर आले. ते कानडी अक्षरं मोठ्यानं वाचत होते, निम्मे शब्द त्यांना कळत नव्हते, आणि जे कळत होते त्यांना ते मोठ्यानं हसत होते. अक्का सांगायच्या तेव्हा जास्त रंगत यायची, असं दोघातिघांनी जाताना बोलून दाखवलं. अक्कांना ते ऐकून बरं वाटलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटच्या प्रसंगात म्हातारीनं तोंड उघडायच्या आधी बराच वेळ नुसती शांतता होती, लाकूड जळल्याचा आवाज होता. इतकी वर्षं असल्या शांततांवर आपण बोलत राहिलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी शीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धा जेवायला आली. या खेपेला ती बरोबर स्टॉपवर उतरली होती. जेवण झाल्यावर अक्का शेंगा घेऊन भिंतीला टेकून बसल्या. मुग्धा अण्णांच्या जागेवर बसली. तिला ते ठाऊक नव्हतं आणि अक्कांनी सांगितलं नाही. तिनं पुस्तक उघडलं. पीण्याच्या बसचं तिकीट पिवळं पडून पानाला चिकटलं होतं.

"इथपासून?"

अक्कांना आता एवढ्याशा खोट्याचाही कंटाळा आला होता. त्यांनी सांगून टाकलं, की त्या दुपारी आपल्याला झोप लागली होती. ते वाचत राहिले असतील, घटकाभर तरी. तेव्हा तिकीट आहे तिथून नको, मागं जाऊन बघ. नावाड्याची होडी मध्यावर येते ना, तिथून वाच. पाच-दहा पानं मागं असेल.

मुग्धानं मागची पानं चाळली. मग परत तिकिटापाशी आली.

"मागं नाहीये, अक्का. होडी मध्यावर येते ती याच पानावर." तिनं बोट ठेवलं. पानाच्या मार्जिनमध्ये, त्या ओळीशेजारी, शिसपेन्सिलीची बारीकशी रेघ होती. ती वाचायला लागली. "'वल्हं आत ओढून घेत नावाड्यानं विचारलं...'"

"थांब," अक्का म्हणाल्या.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी मुग्धाला मागं उलटायला सांगितलं, आणखी मागं, पार सुरुवातीपर्यंत. रेघा होत्या. दर काही पानांनी एक, बारीक, वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत असं सगळ्यांना बजावणाऱ्या माणसानं चोरून केल्यासारख्या. प्रत्येक रेघेशेजारची ओळ मुग्धानं वाचून दाखवली. लाकडाची वखार जळते तिथं एक. सासू पाण्याला जाते तिथं एक. अक्कांना त्या सगळ्या जागा ओळखू आल्या. डोळा लागण्याआधी कानावर पडलेली ती शेवटची वाक्यं होती.

म्हणजे अण्णा पुढं वाचतच नव्हते. बायको झोपली की ते थांबत होते, रेघ मारत होते, तिकीट घालून पुस्तक मिटत होते, आणि जाग आली की काही न कळल्यासारखं विचारत होते, ऐकलंस ना? पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करत होते. आणि आपण निसटलेली पानं मनानं भरतो म्हणून अक्का जन्मभर स्वतःवर खूश होत्या. निसटलेलं पान एकही नव्हतं.

अक्का रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ रडल्या. मुग्धा पुस्तक मांडीवर उघडं धरून बसून राहिली. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला आणि लांब जाऊन ऐकू येईनासा झाला.

मग अक्कांनी डोळे पुसले, सूप जवळ ओढलं आणि एक शेंग फोडली.

"वाच," त्या म्हणाल्या. "आणि माझा डोळा लागला तर तिथंच थांब. तिकीट घालून ठेव."